घरात फ्लू येऊन गेला, आता शिरोड्याला जायचं का?

आलेलं पत्र (थोडं छोटं करून देतोय) :

काका नमस्कार. आम्ही बेळगावच्या वडगावचे. पुढच्या शुक्रवारी पहाटे आम्ही सगळे सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला जायचं ठरवलंय, दोन रात्री. वेळागरच्या बीचजवळ एका घरात राहायची सोय बघितलीय, दोन खोल्या, ॲडव्हान्स दिलाय. मी, मिस्टर, मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत, सासूबाई (वय 68, शुगर आहे), आणि निपाणीचे भावजी, जाऊबाई, त्यांचं दीड वर्षाचं बाळ. क्रूझर ठरवलीय. सासूबाईंचा आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोललेला आहे, दोन वर्षं राहूनच गेलंय ते. आता झालंय काय की गावात सगळीकडं ताप-खोकला सुरू आहे, मुलाच्या वर्गातली अर्धी पोरं घरी. मुलाला शनिवारी दुपारी एकदम 103 ताप आला, डॉक्टर म्हणाले फ्लूच दिसतोय, सोमवारी ताप उतरला, खोकला आहे. शनिवारी रात्री तो नेहमीसारखा आजीजवळच झोपला होता. मी म्हटलं ट्रिप पुढं ढकलूया का, तर भावजी फोनवर म्हणाले, "फ्लू फ्लू काय लावलंय वैनी, सर्दीच हाय ती, समुद्राच्या वाऱ्यानं उलट बरं वाटंल." मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी नको म्हटलं तर मीच सगळ्यांचा मूड घालवला असं होणार, आणि हो म्हटलं आणि सासूबाईंना काय झालं तर परत मीच. काय करू सांगा.

—

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, हे पत्र मंगळवारी मिळालं आणि तुमची ट्रिप आहे पुढच्या शुक्रवारी, म्हणजे हातात दहा दिवस आहेत आणि हे दहा दिवसच तुमचं निम्मं काम करणार आहेत. आज हो किंवा नाही म्हणायची काहीच गरज नाही. तुम्ही आजच निकाल लावायला बसलाय म्हणून घरात तोंडं वाकडी व्हायला लागलीत.

मी डॉक्टर नाही, मेडिकलच्या काउंटरमागं जन्म गेला माझा. तुमच्या पोराला ज्यांनी तपासलंय ते डॉक्टर काय म्हणतात ते माझ्या वरचं, हे धरून पुढचं वाचा.

आता हिशोब बघा. फ्लूचं कसं असतं, लागण झाल्यावर 1 ते 4 दिवसांत ताप येतो, बहुतेकांना साधारण दोन दिवसांत. आणि ज्याला झालाय तो दुसऱ्याला कधी देतो तर ताप यायच्या आदल्या दिवसापासून ते साधारण 5 ते 7 दिवसांपर्यंत, लहान पोरं जरा जास्तच दिवस. तुमच्या मुलाला शनिवारी आला, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत तो वाटत फिरणार असं धरून चाला, ताप उतरला असला तरी. आणि अगदी शनिवारी जरी त्यानं कुणाला दिला तरी त्या माणसाला ताप यायला फार तर 4 दिवस, म्हणजे पुढचा बुधवार. तर तुमची तारीख तिथं आहे. बुधवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ठरवा, शुक्रवारी पहाटे गाडी निघते, मधे गुरुवार आहे पिशव्या भरायला, तेवढा पुरतो. त्याच्या आधी भावजींना, मिस्टरांना, कुणालाच "जायचं" किंवा "नाही जायचं" म्हणू नका, "बुधवारी बघू" म्हणा बस.

नियम एकच ठेवा आणि तो आजच सगळ्यांना सांगून ठेवा, निपाणीला पण: आजपासून दोन्ही घरांत कुणालाही नवीन ताप आला तर तारीख बदलायची. कोण आजारी पडलंय त्याच्यावर नियम बदलत नाही हे पण सांगा, नाहीतर काय होतं, लहान पोराला ताप आला की सगळे थांबतात आणि भावजींना आला की "मला काय होतंय, एक डोलो घेतो आणि बसतो गाडीत" होतं. हे मी दुकानात इतक्या वेळा बघितलंय की सांगायची सोय नाही. सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या बस स्टँडला, बस लागलेली असते, माणूस डोळे लाल करून काउंटरवर येतो, अंगातून वाफा निघायलेत, आणि म्हणतो द्या ओ काका दोन गोळ्या, गोव्याला जायचंय, उतरंल वाटंत. तापाची गोळी ताप उतरवते, व्हायरस उतरवत नाही. तो माणूस पणजीपर्यंत शेजारच्या सीटवरच्या लोकांना प्रसाद वाटत जातो, आणि त्याला वाटतं आपण बरे झालो.

तापाचा हिशोब करतानाही हेच लक्षात ठेवा. गोळी न घेता पूर्ण 24 तास ताप नाही, तरच ताप गेला म्हणायचं. सोमवारी उतरला म्हणताय ते गोळी चालू असताना की बंद केल्यावर, तेवढं बघा. खोकला मात्र दोन-दोन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरू नका, नुसता खोकला राहिलाय म्हणून पुढच्या शुक्रवारी त्याला घरी ठेवायची गरज नाही.

भावजींचं म्हणणं, "सर्दीच हाय ती." नाही ओ. सर्दी हळूहळू येते, नाक गळतं, शिंका येतात, माणूस कुरकुरत का होईना कामाला जातो. फ्लू सांगून येत नाही, सकाळी पोरगं खेळत होतं आणि दुपारी अंथरुणात, अंगाला हात लावला तर भाजतंय, हातपाय डोकं सगळं ठणकतंय, पोरांना कधी कधी उलटी-जुलाब पण. तुमच्या मुलाला "शनिवारी दुपारी एकदम 103" हे तुम्हीच लिहिलंय, डॉक्टरांनी त्यावरूनच ओळखलं असणार, साध्या केसला टेस्ट करायची गरजपण पडत नाही. धडधाकट माणसाला आठवडाभर लोळवून जातो आणि विषय संपतो, त्या बाबतीत भावजी अर्धे बरोबर आहेत. पण तुमच्या गाडीत दोन माणसं अशी आहेत की त्यांच्याबाबतीत तो विषय संपेलच असं नाही, एक 68 वर्षांच्या शुगरवाल्या सासूबाई आणि दुसरं भावजींचं स्वतःचंच दीड वर्षाचं बाळ. दोन वर्षांच्या आतली पोरं, 65 च्या वरची माणसं, शुगर, दमा, हृदय, किडनीचे पेशंट आणि गरोदर बायका, ह्या लोकांना न्यूमोनिया व्हायची भीती जास्त. 2023 च्या मार्चमध्ये फ्लूच्या एच3एन2 या प्रकाराचा जो गाजावाजा झाला होता त्यात आपल्याच कर्नाटकातले, हासनकडचे एक वयस्क गृहस्थ गेले, त्यांना पण शुगर-बीपी होतंच. घाबरवायला नाही सांगत, भावजींना सासूबाईंचं नाव काढून सांगू नका एवढ्यासाठी सांगतोय, त्यांच्या बाळाचं नाव काढून सांगा. फोन जाऊबाईंना करा, भावजींना नको. दीड वर्षाच्या बाळाच्या आईला "फ्लू आहे घरात, ये" म्हटल्यावर ती काय उत्तर देते बघा, मग तुम्हाला नको म्हणायची वेळच येणार नाही, "नको" निपाणीतनंच येईल.

आता समुद्राच्या वाऱ्याचं. वाऱ्यानं फ्लू बरा होत नाही, खाऱ्या पाण्यानं होत नाही, आणि अंगात ताप असताना भर उन्हात वाळूत बसणं म्हणजे अंगातलं आहे ते पाणी पण घालवणं. पण तुम्हाला एक गंमत सांगतो, तुमच्या सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात सेफ जागा तो बीचच आहे. खोकल्यातनं जे बारीक थेंब उडतात ते मोकळ्यावर वाऱ्यानं पांगतात. वेळागरला तर कळंगुटसारखी गर्दी पण नाही, एवढा लांबलचक किनारा, मागं सुरूचं बन, तिथं तुम्ही आठ माणसं पसरून बसलात तर एकमेकांना शोधावं लागेल. लोक उलटं समजतात, बीचवर जायला भितात आणि गाडीत काचा लावून एसी टाकून तीन-चार तास बसतात.

धोका आहे तो गाडीत. क्रूझरमध्ये मागं समोरासमोरच्या सीटा, गुडघ्याला गुडघा लागतो, एक खोकला तर समोरच्याच्या तोंडावर. वडगावातनं निघून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीपर्यंत निवांत जाल, पुढं घाट उतरताना पोरांना उलटी होणार (ती घाटाची उलटी असते, लगेच फ्लू फ्लू करू नका), मग कुणीतरी काच बंद करा थंडी वाजतेय म्हणणार. तर काचा दोन्ही बाजूच्या थोड्या थोड्या उघड्या, पहाटे गार वाटतं तर स्वेटर घाला, कानटोपी घाला, सासूबाईंना शाल द्या, पण काच उघडी. त्यांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवा, घाटात तिथं त्रास पण कमी होतो. आणि ड्रायव्हर! तुम्ही आठ माणसं मोजलीत ना, गाडीत नऊ आहेत. तो रोज नवी फॅमिली घेऊन फिरतो, काल गोकर्ण, परवा पंढरपूर. बुधवारी फोन करताना त्याला पण विचारा, बाबा तुला ताप-खोकला काय नाही ना, असेल तर मालकाला सांगून दुसरा पाठव. लोक गाडीचा एसी चालतो का, म्युझिक सिस्टीम आहे का विचारतात, हे कुणी विचारत नाही.

दुसरा धोका खोलीत. दोन खोल्या, आठ माणसं, म्हणजे एका खोलीत बायका-पोरं आणि एका खोलीत बाप्ये असं ठरलं असणार, आपल्याकडं तसंच असतं. तसं नको. तुमचं घर एका खोलीत, निपाणीचं घर दुसऱ्या खोलीत. दोन्ही घरांनी आधीच आपापसात काय वाटायचं ते वाटून झालेलं असतं, नवीन देवाणघेवाण नको. सासूबाई कुठं? हा खरा प्रश्न आहे, तुमच्याबरोबर ठेवाव्यात तर नातू परत कुशीत शिरणार. शुक्रवारपर्यंत त्याला तेरा दिवस झालेले असतील, तोपर्यंत तो कुणाला द्यायच्या पलीकडं गेलेला असेल, तेव्हा तिथं शिरला तर शिरू द्या. पण आत्ता, या आठवड्यात, घरी, नाही. येत्या शनिवारपर्यंत तो आईबापाजवळ झोपेल, आजीचा बिछाना दुसऱ्या खोलीत. तो रडेल, सासूबाई म्हणतील "माझ्या नातवाचं मला काय होतंय", तरी नाही. एकदा शनिवारी झोपला ते झालं, आता ते फिरवता येत नाही, पुढच्या रात्री तरी आपल्या हातात आहेत. भांडी वेगळी करून गरम पाण्यानं धुवायची वगैरे एवढं अवडंबर नको, त्याचा टॉवेल वेगळा, त्याच्या पाण्याच्या बाटलीला बहिणीनं तोंड लावायचं नाही, खोकताना कोपर, हात साबणानं, आणि खिडक्या उघड्या. घरात असताना त्याला मास्क लावून बसवणं चौथीतल्या पोराला जमत नाही, आजीला औषध द्यायला वगैरे जवळ जाताना तेवढं मोठ्यांनी लावा, कोरोनातले एखादे कपाटात असतीलच.

सासूबाईंकडं आजपासून बुधवारपर्यंत बारीक लक्ष ठेवा. वयस्क माणसाला कधी कधी ताप मोठा येत नाही, नुसतं गळून जातात, जेवण नको म्हणतात, शुगर अचानक वर जाते. ग्लुकोमीटर घरात असेल तर रोज बघा, उगीच वाढलेली दिसली आणि जोडीला कणकण असेल तर फ्लू धरा. आणि हे महत्त्वाचं: त्यांना काहीही सुरू झालं तर "बघू दोन दिवस, उतरंल" करायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ऑसेल्टामिव्हिर म्हणून गोळी आहे, लोक टॅमिफ्लू म्हणून ओळखतात, ती पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त उपयोग, नंतर कमी कमी होत जातो. सरकारच्या गाइडलाइनमध्ये पण साध्या फ्लूवाल्याला ती गोळी नको, पण वयस्क, शुगरवाले, गरोदर, लहान बाळं यांना टेस्टची वाट न बघता द्यायची असंच आहे. तुम्ही तर आधीच डॉक्टरांना एक फोन करून विचारा, घरात पेशंट होता, सासूबाईंना शुगर आहे, काही आधीच सुरू करायचं का, कधी कधी ते देतात. ते ठरवतील, मी नाही, आणि चिठ्ठीशिवाय ती गोळी कुठल्या मेडिकलवाल्याकडं मागू पण नका.

चिठ्ठीवरून आठवलं. ताप आला की लोक अँटिबायोटिक मागतात, "ते तीन दिवसाचं पाकीट द्या", फ्लूवर ते शून्य काम करतं, व्हायरस आहे तो. पुढं न्यूमोनिया झाला तर डॉक्टर देतात, ती वेगळी गोष्ट. आणि पोरांना ॲस्पिरिन कधीच नाही, फ्लूमध्ये तर अजिबात नाही, लिव्हर-मेंदूवर जाऊ शकतं. पॅरासिटामॉल, ते पण वजनावर, दादाचं माप धाकटीला चालत नाही. सासूबाईंना हृदयासाठी म्हणून डॉक्टरांनी छोटी ॲस्पिरिन रोज दिली असेल तर ती चालू ठेवायची, हे वाचून बंद करू नका नाहीतर माझ्या नावानं ओरडाल.

लशीचं पण विचारतील घरात कुणीतरी. दरवर्षी नवी घ्यावी लागते, कारण व्हायरस रूप बदलत राहतो. घेतल्यावर अंगात ताकद यायला साधारण 2 आठवडे लागतात, म्हणजे या ट्रिपला तिचा पूर्ण उपयोग नाही, आणि धाकट्या पोरांना पहिल्यांदा देताना तर 4 आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस असतात. पण म्हणून सोडून देऊ नका. सासूबाईंना देऊन टाका, डॉक्टरांना विचारून. आपल्याकडं फ्लू वर्षात दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात-पावसाळ्यानंतर, गणपतीच्या गर्दीत परत हाच प्रश्न येणार आहे.

वेतोबाचं. इथं मला जरा थांबायचंय, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत आहे पण मला वाटतं ट्रिपचं खरं इंजिन तेच आहे. पोरांना पाण्यात खेळायचंय, भावजींना मासे खायचेत, पण सासूबाईंना घड वाहायचाय आणि दोन वर्षं राहिलंय ते त्यांच्या मनात टोचत असणार. तुम्ही "ट्रिप पुढं ढकलूया" म्हटलं की त्यांच्या कानाला ते "नवस पुढं ढकलूया" असं ऐकू येतं. म्हणून त्यांच्याशी वेगळं बोला. नवस बोलताना तारीख बोललेली नसते. वेतोबा तिथंच आहे, वहाणा घालून गावात रात्री फेऱ्या मारतो म्हणतात, तो काय पुढच्या महिन्यात कुठं जात नाही. आणि ट्रिप ठरल्याप्रमाणं झालीच तर देवळात सकाळी लवकर जा, दर्शन घ्या, घड द्या, बाहेर या, प्रसादाचं नाव काढून सभामंडपात तासभर बसून ओळखीपाळखी काढत बसू नका. रविवारी बाहेरगावचे लोक जास्त येतात, शनिवारी सकाळचं बघा. बीच आणि देऊळ यात गर्दीच्या हिशोबानं देऊळ सांभाळायचं आहे, आणि हे सासूबाईंना "देवळात धोका" अशा शब्दात सांगितलंत तर तुमचं काही खरं नाही, "उन्हाच्या आत जाऊन येऊ आत्ती" म्हणा.

तिथं जाऊन कुणाला ताप आलाच तर? मोहरीएवढी पण टाळाटाळ नको. मोठ्या माणसाला साधा ताप असेल, श्वास नीट असेल, पाणी पीत असेल तर एका खोलीत झोपवा, दुसऱ्या दिवशी सकाळी काचा उघड्या ठेवून परत या. पण धाप लागली, छातीत दुखलं, ग्लानी आली, ओठ-नखं निळसर दिसली, थुंकीत रक्त, किंवा कोरोनात घेतलेलं ते बोटाचं मशीन 94 च्या खाली दाखवायला लागलं, तर बेळगावला परत यायचा विचार करायचा नाही. आपल्या लोकांना सवय आहे, कुठंही काही झालं की "आपल्या सिव्हिलला नेऊ, ओळखीचे आहेत", आणि मग अर्ध्या रात्री आंबोली घाट चढतात. जवळ सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथं दाखवा, मोठं काही लागलं तर ते स्वतःच गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात, सिंधुदुर्गातले लोक पण तिकडंच जातात. बाळाचं वेगळं बघायचं, श्वास भराभर चाललाय, बरगड्या आत ओढल्या जातायत, दूध घेत नाही, सात-आठ तास लंगोट कोरडाच, नुसतं पडून आहे, झटका आला, यातलं एक जरी दिसलं तरी उचलायचं आणि निघायचं. आणखी एक लोकांना माहीत नसतं, ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि परत चढला, खोकला वाढला, तर ते पहिल्यापेक्षा वाईट समजायचं, तिथंच न्यूमोनिया पकडतात. तुमच्या मुलाबाबतीत या आठवड्यात हे तेवढं बघा.

बॅगेत थर्मामीटर, पॅरासिटामॉल (मोठ्यांची गोळी, पोरांचं औषध माप टोपणासकट), ओआरएस, सासूबाईंच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डॉक्टरांची चिठ्ठी. त्या इन्सुलिन घेत असतील तर ते गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात गाडी उभी राहिली की त्याचं पाणी होतं, थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवून पण नको, गोठलं की ते पण गेलं. वाफ घ्यायचं मशीन नेऊ नका, पोरांच्या गडबडीत पाय भाजून घ्याल.

आणि ज्या घरात तुम्ही राहणार आहात त्या लोकांचा पण विचार करा. तिथली बाई तुमच्यासाठी पहाटे उठून घावणे करणार, मासे तळणार, तिच्या घरात पण कुणी सत्तरीतलं खाटेवर असणार. 1918 सालचा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेनं आत गावागावात गेला, कुणी मुद्दाम नेला नाही, प्रवास करणाऱ्या माणसांबरोबर गेला. आजारी माणूस गाडीत बसवायचा नाही हे सासूबाईंसाठी तर आहेच, पण शिरोड्यातल्या त्या बाईसाठी पण आहे. भावजींना हे सांगून उपयोग नाही, मिस्टरांना सांगा, ते काहीच बोलत नाहीत म्हणता म्हणजे ऐकत तरी असतील.

मिस्टरांचं मात्र मला पटलं नाही. आई त्यांची, भाऊ त्यांचा, पोरगं त्यांचं, आणि नको म्हणायचं काम तुमच्यावर? बुधवारी ठरवायचं ते त्यांनी ठरवायचं आणि निपाणीला फोन त्यांनीच लावायचा. तुम्ही आज रात्री त्यांना फक्त हिशोब सांगा, शनिवार, बुधवार, नवीन ताप, एवढाच, आणि "मला वाटतं" हा शब्द काढू नका. "तुला काय वाटतं ते राहू दे" असं म्हणायला जागा राहत नाही मग.

मला विचाराल तर, बुधवारी दोन्ही घरं ठणठणीत असतील तर जा. बिनधास्त जा, पोरगं आठवडाभर घरात कोंडलंय त्याला वाळूत सोडा. एखाद्याला अधेमधे ताप आला तर सगळी ट्रिप पुढं, "आजारी असलेला घरी राहील आणि बाकीचे जाऊ" हे पोराच्या बाबतीत तरी चालत नाही, आई मागं राहते, मग बाप गाडीत तोंड पाडून बसतो, ते काय खरं नाही. आणि सासूबाईच आजारी पडल्या तर जायचा प्रश्नच येत नाही, घड कुणी वाहायचा.

ॲडव्हान्सचं टेन्शन घेऊ नका, पण बुधवारपर्यंत गप्प पण बसू नका. उद्याच घरमालकाला फोन करा, पैसे परत मागू नका, पैसे परत म्हटलं की समोरचा माणूस बारीक होतो. सरळ सांगा, घरात पोराला फ्लू झालाय, बुधवारी संध्याकाळी पक्कं सांगतो, नाहीच जमलं तर पुढच्या महिन्यातली तारीख द्याल का. फ्लूचं पेशंट घरात यायच्या आधी कुणी फोन करून सांगतंय म्हटल्यावर बहुतेक माणसं हो म्हणतात. क्रूझरवाल्याला पण तेच सांगा. आणि कोकणात फोन सकाळी करा, दुपारी दोन ते चार कुणी उचलत नाही.